धोट्याचे तोंड आणि गिरणीचा हिशोब

मुंबईच्या गिरणी कामगारांवर ज्यांनी लिहिले त्यांतील बहुतेकांनी एक गोष्ट नमूद केलेली आहे. विणाई खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण असे की, धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याने ओठ लावलेल्या धोट्याला ओठ लावण्यास स्पृश्य कामगार तयार नसे. एवढे एक वाक्य लिहून लेखक पुढे जातात. मग संप, युनियन, लाल बावटा, वाटाघाटी, किती दिवस गिरण्या बंद राहिल्या, किती कामगार बाहेर पडले. ते एक वाक्य खरेच आहे. परंतु ते मला नेहमी अपुरे वाटत आले. मी 1971 पासून 1982 च्या संपापर्यंत एका गिरणीच्या कॉस्टिंग विभागात काम केले. त्या खात्यात माणसाला एक खोड लागते. कोणतीही गोष्ट केवळ रूढी म्हणून सोडून द्यायची नाही. तिला पैसे किती पडतात आणि ते कोणाच्या खिशातून जातात, हे विचारायचे. आपल्यातील पुष्कळ विद्वानांना ही खोड जडलेली नाही, आणि म्हणून अस्पृश्यतेचा विचार आपण धर्मग्रंथांच्या अंगाने फार करतो, हिशोबाच्या वहीच्या अंगाने फार थोडा. धोट्याला लागणाऱ्या त्या तोंडाची किंमत किती होती? ती कोण भरत होता? आणि पैपैचा हिशोब ठेवणाऱ्या मालकांनी नेमका हाच आकडा वहीत का घेतला नाही?

ज्यांनी साचा चालताना पाहिलेला नाही (गिरणीत मागाला साचा म्हणत) त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कापडात उभे सूत असते आणि आडवे सूत असते. उभे सूत खळ लावून, राचेतून व फणीतून ओवून साच्यावर ताणलेले असते. आडवे सूत धोटा नेतो. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचे, दोन्ही टोकांना पोलादी टोप्या बसवलेले पोकळ लाकूड. पोकळीत आडव्या सुताची कांडी बसते, आणि सुताचे टोक धोट्याच्या अंगाला असलेल्या चिनी मातीच्या बारीक छिद्रातून बाहेर येते. कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवतो, छिद्राला ओठ लावतो, श्वास आत ओढतो, आणि टोक फटकन बाहेर येते. सगळे काम एकदोन सेकंदांचे. लँकेशायरचे कामगार याला धोट्याचे चुंबन म्हणत. या चुंबनात सुताबरोबर कापसाची धूळही छातीत जाई, आणि एकाच धोट्याला पाळी बदलली की दुसऱ्याचे ओठ लागत, ही गोष्ट वेगळी.

आता हिशोब. 20 नंबरचे सूत म्हणजे एका रत्तलात 840 वारांच्या 20 लडी, एकूण 16,800 वार. कांडीवर एक औंस सूत धरा, म्हणजे 1,050 वार. साधा साचा मिनिटाला सुमारे 200 वेळा धोटा फेकतो. कापड वारभर रुंद असेल तर दर फेकीला सुमारे एक वार सूत लागते. म्हणजे कांडी सव्वापाच मिनिटांत संपली. दहा तासांची पाळी आणि शेकडा 80 कार्यक्षमता धरली, तर एका साच्यावर दिवसाला नव्वदीच्या वर कांड्या, आणि दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराला दिवसात 180 वेळा धोट्याला तोंड लावावे लागणार. तीन साचे दिले तर पावणेतीनशे वेळा. मुंबईत जाडेभरडे सूत पुष्कळ लागे. सूत जितके जाड तितकी कांडी लवकर संपते, आणि तोंड तितक्या अधिक वेळा लागते.

हेच टोक आकड्याने काढता येते. त्यासाठी छिद्राला वरून फट असलेला धोटा लागतो. फटीतून सूत सरकवायचे, तोंडाचा संबंध नाही. घड्याळ लावून मी स्वतः जे मोजले त्यात तोंड आणि आकडा यांतील फरक तीन सेकंदांच्या आसपास होता. 180 वेळा तीन सेकंद म्हणजे नऊ मिनिटे. सहाशे मिनिटांत नऊ मिनिटे. विणकराच्या वेळेचा शेकडा दीड भाग. आणि दोन साचे असल्याने प्रत्येक साचा जास्तीचा थांबला तो साडेचार मिनिटे, म्हणजे शेकडा पाऊण. हाही तोटा टाळता येण्यासारखा होता. साच्यामागे एक जादा धोटा ठेवून साचा चालू असतानाच तो भरून तयार ठेवण्याची पद्धत जुनीच आहे. धोटा ही काही इमारतीसारखी कायमची वस्तू नव्हे. तो झिजतो, फुटतो, स्टोअरमधून नवा येतो. जुने धोटे संपतील तसे फटीचे धोटे मागवले असते तर भांडवली खर्चाच्या सदरात एक रुपयाही टाकावा लागला नसता.

तेव्हा अस्पृश्यतेची ती जी 'तांत्रिक अडचण' सांगितली जाते, तिचा बाजारभाव शेकडा पाऊण. हा आकडा डोक्यात ठेवून पुढचा इतिहास वाचावा.

तोंडाशिवाय धोटा भरता येतो, हे कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. अमेरिकेत ड्रेपर कंपनीने 1894 च्या सुमारास नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित माग बाजारात आणला. त्यात कांडी आपोआप बदलते आणि सूतही आपोआप ओवले जाते. एक विणकर सोळा-सोळा, वीस-वीस माग पाहू लागला. मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 मध्ये तोंडाने ओढायच्या धोट्याला कायद्यानेच बंदी केली, ती आरोग्याच्या कारणाने. त्याच सुमारास ब्रिटिश गृहखात्याने लँकेशायरमध्ये या प्रकाराची चौकशी केली. बंदी यायला मात्र तेथे 1952 उजाडले, कारण मालकांना साधा साचा आणि तोंड हेच स्वस्त वाटत होते. जपानमध्ये टोयोडाचा स्वयंचलित माग 1924 मध्ये तयार झाला. आणि परदेश कशाला, मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीत स्वयंचलित माग चालत होते. मुंबईच्या मालकांचे म्हणणे असे की, येथे मजूर स्वस्त, भांडवल महाग, म्हणून असा महागडा माग परवडत नाही. संपूर्ण मागाच्या बाबतीत हे म्हणणे हिशोबाला धरून आहे, ते मी नाकारत नाही. परंतु त्यातून फटीचा धोटा न घेण्याचे कारण निघत नाही. माग महाग होता; धोटा महाग नव्हता.

कावसजी दावर यांची मुंबईतील पहिली कापड गिरणी 1854 मध्ये स्थापन झाली. त्याच्या आदल्याच वर्षी कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका दैनिकात लिहिताना असे भाकीत केले होते की, रेल्वेमधून येणारा आधुनिक उद्योग हिंदुस्थानातील जातींचा आधार असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून टाकील. भाकीत करणारा माणूस मोठा होता आणि त्याची इच्छाही चांगली होती. पण यंत्राने जात मोडली नाही. यंत्राच्या खात्याखात्यांत जात बसवण्यात आली. आमचे लोक गिरणीत आले, ते हळूहळू आले. 1921 च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांत ते शंभरात दहाबारा असावेत. पण ते आले कोठे? झाडलोट, बिगारी, आणि मुख्यतः रिंग खाते.

रिंग खाते म्हणजे जेथे सुताला पीळ बसतो. चाती मिनिटाला आठदहा हजार फेरे घेतात. हवा गरम आणि दमट ठेवलेली असते, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. साइडर दिवसभर फ्रेमच्या बाजूने चालत राहतो आणि तुटलेले टोक बोटांनी जोडतो. भरलेल्या बॉबिन काढायला डॉफर पोरे असतात. पुष्कळ गिरण्यांत आडव्या सुताची कांडी थेट रिंगवरच भरली जाई आणि तशीच विणाई खात्यात जाई. साइडरचे वेतन दोन साच्यांच्या विणकराच्या निम्म्याच्या आसपास असे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, रत्नागिरी जिल्ह्यातून खेडकडून आले आणि पंधराव्या वर्षी डॉफर म्हणून लागले. साइडर झाले आणि साइडर म्हणूनच निवृत्त झाले. चाळीसबेचाळीस वर्षांत त्यांनी विणाई खात्याचा दरवाजा रोज पाहिला.

येथे एक विसंगती सांगितली पाहिजे. नागपूर-भंडाऱ्याकडे जाडेभरडे कापड विणणे हा महारांचा जुना धंदा होता. ते कापड गावातील सर्वांच्या अंगाला चालत होते. विणण्याचे कौशल्य आमच्यात नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. मुंबईच्या गिरणीत अडचण हाताची नव्हती, ओठांची होती. आणि ओठांची अडचण शेकडा पाऊण खर्चाने दूर होत होती.

मग ती दूर का झाली नाही? मालक म्हणत, हा कामगारांचा आपसातील प्रश्न आहे, आम्ही त्यात पडत नाही. ज्या मालकाला कामगाराच्या संडासात जाण्यायेण्याच्या वेळात पडायला संकोच वाटत नव्हता, त्याला येथेच संकोच का वाटावा? माझे मत असे आहे की या व्यवस्थेत दोघांचा फायदा होता. मालकाला रिंग खात्यासाठी असा मजूर मिळत होता ज्याला त्याच गिरणीत दुसरे चांगले काम मिळणे शक्य नव्हते. ज्याला जाण्याची जागा नाही, त्याला वेतन वाढवून धरून ठेवावे लागत नाही. आणि स्पृश्य विणकराला असे खाते मिळत होते ज्याच्या दाराशी एक सबंध समाज उमेदवार म्हणून उभा राहू शकत नव्हता. जॉबर आपल्या भावकीतला, गावचा माणूस लावी, आणि वेतन टिकून राही. दोघांच्या फायद्याची रक्कम रिंगच्या साइडरच्या पगारातून वजा होत होती. धर्म या व्यवहाराला शिक्का म्हणून उपयोगी पडला.

मालकांचे यात नुकसान मुळीच नव्हते असेही नाही. शिमग्याला, एप्रिल-मे महिन्यांत विणकर गावी जात. बदली कामगार मिळाला नाही की साचे उभे राहत, आणि त्याच वेळी आमची माणसे दरवाजावर बदलीसाठी ताटकळत असत. एक साचा एक दिवस बंद राहिला तर सहाशे मिनिटे गेली. आकडा वापरल्याने साच्याची साडेचार मिनिटे जातात. म्हणजे एका बंद दिवसाचा तोटा आकड्याच्या 133 दिवसांच्या तोट्याएवढा. हे गणित कोणत्याही कारकुनाला करता आले असते.

1926 मध्ये सरकारने कापडधंद्यासाठी टॅरिफ बोर्ड नेमले. जपानच्या स्पर्धेने मुंबईचा धंदा अडचणीत होता. त्यानंतर 'कार्यक्षमता' हा शब्द मुंबईत घरोघर पोचला. मालकांचा युक्तिवाद असा: लँकेशायरचा विणकर चार साचे चालवतो, मुंबईचा दोन; म्हणून येथे उत्पादनखर्च जास्त. उपाय, दोनाऐवजी तीन साचे, रिंगवर एका बाजूऐवजी दोन बाजू. सासून समूहाच्या गिरण्यांनी यात पुढाकार घेतला. (याच गिरण्या पुढे इंडिया युनायटेड मिल्स झाल्या, आणि इंडिया युनायटेडची सहा नंबरची गिरणी म्हणजे दादरची इंदू मिल, जिच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाचे भूमिपूजन 2015 मध्ये झाले. इतिहासाला कधीकधी जागेची चांगली आठवण असते.) एप्रिल 1928 मध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि संप 4 ऑक्टोबरपर्यंत चालला.

कामगार पुढाऱ्यांनी मागण्यांची यादी केली. वेतन, तास, दंड, तीन साच्यांना विरोध. पण विणाई खात्याचा बंद दरवाजा त्या यादीत आपण होऊन कोणी घातला नव्हता. महाडच्या चवदार तळ्याला जाऊन तेव्हा एकच वर्ष झाले होते. तेथे प्रश्न पाण्याला लागणाऱ्या हातांचा आणि ओठांचा होता, येथे धोट्याला लागणाऱ्या. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितले की, गिरणीतील सर्व कामे करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क तुम्ही मान्य करणार नसाल, तर मी त्यांना संपात भाग घेऊ नका म्हणून सांगेन. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी घेतली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर त्याची जबाबदारी आमच्यावर नाही.

या उत्तरावर आपल्याकडे फार विचार झालेला नाही. मालकांनी कामगारांकडे बोट दाखवले आणि त्यात अर्धे सत्य होते, म्हणून ते बोट पुढाऱ्यांना झोंबले. उरलेले अर्धे सत्य असे की यंत्र, धोटा, नेमणूक आणि स्टोअरची मागणी या चारही गोष्टी मालकांच्या हातात होत्या. त्या टेबलावर बसलेल्या एकाही पुढाऱ्याने 'फटीचे धोटे मागवा' असे म्हटले असते तर मालकांचे अर्धे सत्य तेथेच उघडे पडले असते. तीन साच्यांविरुद्ध बोलताना याच पुढाऱ्यांनी साच्याच्या वेगाचे, सुताच्या तुटीचे, विणकराच्या पावलांचे बारीक हिशोब मांडले. त्यांना हिशोब येत नव्हता असे नाही. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीचा अहवाल मार्च 1929 मध्ये आला; कार्यक्षमतेच्या योजनेचे तत्त्व समितीने मान्य केले. दार मात्र तसेच राहिले. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू असे बाबासाहेबांनी सांगितले, तेव्हाही मुंबईच्या गिरण्यांतील विणाई खात्याचे उदाहरण त्यांना द्यावे लागले. संपाला दहा वर्षे होत आली होती.

मी गिरणीत आलो तोपर्यंत घटना होती, अस्पृश्यतेविरुद्ध 1955 चा कायदा होता, आणि विणाई खात्यात आपली काही माणसे उभी होती. धोटे दोन्ही प्रकारचे होते. मी वस्त्रनिर्मितीची पदविका घेतलेली. माझे काम स्टॉपवॉच घेऊन साच्याशेजारी उभे राहण्याचे. कांडी बदलायला किती सेकंद, तुटलेले सूत जोडायला किती, चालण्यात किती. 1974 सालची गोष्ट. एका वयस्कर विणकराचा अभ्यास चालला होता. साच्याच्या आवाजात माझ्या कानाशी तोंड आणून त्यांनी विचारले,

"साहेब, गाव कुठलं?"

"खेडकडचा."

"खेडात कुठं? वाडी कुठली?"

मी वाडी सांगितली. कोकणात वाडी सांगितली की सगळे सांगून होते. ते काही बोलले नाहीत. त्यांचा जादा धोटा मी पाहायला म्हणून हातात घेतला होता, तो परत ठेवला. पुढची कांडी संपली. त्यांनी तो धोटा उचलला, सदऱ्याच्या सोग्याने छिद्राच्या बाजूने नीट पुसला, मग ओठ लावले. घड्याळ चालूच होते. चार सेकंद. साच्याच्या चौकटीला आकडा टांगलेला होता.

"आकडा वापरत नाही?" मी विचारले.

"आकड्यानं वेळ जातो, साहेब."

शीटवर 'इतर' असे एक सदर असते. त्यात मी चार सेकंद लिहिले. संध्याकाळी आमच्या वरिष्ठांनी शीट तपासले आणि विचारले, हे काय? मी म्हणालो, धोटा पुसला. ते म्हणाले, दर कांडीला पुसतो का? मी म्हणालो, नाही, एकदाच. त्यांनी ती नोंद खोडली; जे काम नेहमी घडत नाही ते प्रमाणवेळेत धरायचे नसते, हा नियम मलाही माहीत होता. वरिष्ठ वाईट गृहस्थ नव्हते.

घरी आल्यावर मी आबांना हे सांगितले. निवृत्तीला त्यांची दोनतीन वर्षे उरली होती. त्यांना राग आला नाही. पायाला तेल चोळता चोळता ते म्हणाले,

"अरे, ती कांडी आमच्याच खात्यातनं जाते. तुटलेलं टोक आम्हीच जोडतो, बोटाला थुंकी लावून. धोटा पुसला त्यानं, सूत पुसलं का?"

शीटच्या पहिल्या ओळीत सुताचा तपशील मीच भरला होता. आडवे सूत 20 नंबर, आपल्याच रिंग खात्याचे, कांडी थेट.